अनुभव धागा: गावातले इंटरनेट, तेव्हाचे आणि आताचे

आर्वीकर
आमच्या तालुक्याच्या ठिकाणी उरलेले शेवटचे नेट कॅफे नुकतेच बंद झाले आणि तिथे ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे व झेरॉक्सचे दुकान सुरू झाले. त्यावरून बारावीच्या निकालाचे दिवस आठवले. वहीत नाव व ओळखपत्राचा क्रमांक लिहायचा आणि बैठक क्रमांक टाकून पान उघडण्याची वाट पाहत बसायचे. त्याच संगणकावर मी पहिल्यांदा एका वेबपानामागचा कोड उघडून पाहिला. पान कसे लिहिले आहे हे कोणालाही पाहता येते, त्यावरून शिकून स्वतःचे पान तयार करता येते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, याचे मला विलक्षण अप्रूप वाटले. आज गावातल्या मुलांकडे त्या काळापेक्षा कितीतरी वेगवान इंटरनेट आहे, परंतु त्यांचा सारा वावर चार-पाच अ‍ॅपांतच असतो. माझे ठाम मत आहे की सार्वजनिक सेवा साध्या वेबपानावर मिळाली, तरच ती सर्वांत स्वस्त फोन वापरणाऱ्यालाही खऱ्या अर्थाने मिळते. आपापले अनुभव अवश्य लिहा.

खारपाणपट्टा
आर्वीकर भाऊ, पूर्ण सहमत. आमच्याकडे प्रश्न फोनमधल्या जागेचा आहे. बाबांच्या फोनमध्ये नातवंडांचे फोटो आणि भजनांचे व्हिडिओ भरलेले असतात, त्यामुळे नवे अ‍ॅप घ्यायचे म्हटले की आधी काय पुसायचे यावर घरात चर्चा होते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी, म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून आपल्या पिकाची नोंद करणे, सुरू झाली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा असल्यामुळे तिथे अ‍ॅपची गरज मला समजते, आणि एकाच फोनवरून अनेक शेतकऱ्यांची नोंद करता येत असल्याने शेजारीपाजारी एकमेकांना मदतही करतात. परंतु नुसती माहिती वाचण्यासाठी किंवा अर्जाची स्थिती पाहण्यासाठी वेगळे अ‍ॅप कशाला हवे? सातबारा बघा, कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत घरी बसून मिळतो. बाकीच्या सेवाही अशाच असाव्यात.

धारणीची ताई
मी शिक्षिका आहे. हरिसाल आमच्याच तालुक्यात आहे आणि डिजिटल गाव म्हणून त्याचे नाव सर्वांना माहीत आहे, मात्र मेळघाटात आतल्या गावांमध्ये अजूनही रेंजसाठी टेकडीवर जावे लागते. तिथे व्हिडिओ चालत नाही, केवळ मजकूर असलेले पान मात्र हळूहळू का होईना उघडते. मुलांना वाचायला देता येईल असे काही इंटरनेटशिवाय फोनमध्ये ठेवता येते का, हे कोणी सांगेल का?

मोर्शीची आई
नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात दंगलीनंतर इंटरनेट बंद झाले, तेव्हा माझी मुलगी तिथे शिकत होती. साधा फोन लागत होता, म्हणून जीव थाऱ्यावर राहिला. परंतु मेसचे पैसे ऑनलाइन पाठवता येईनात, तिचे वर्ग थांबले, आणि इंटरनेट केव्हा सुरू होणार हे आम्हाला कोणी सांगू शकत नव्हते. त्या अनिश्चिततेचाच अधिक त्रास झाला.

वणी परिसर
ताई, तुमची काळजी समजते. तरीही त्या दिवसांत अफवा इतक्या झपाट्याने पसरत होत्या, की काही काळ इंटरनेट बंद ठेवणे मला आवश्यक वाटते.

मोर्शीची आई
दादा, अफवा थांबायलाच हव्यात. परंतु जानेवारी २०२० मध्ये काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीविरुद्धच्या अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेट अनिश्चित काळ बंद ठेवता येणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे स्पष्ट केले आहे. आदेश, त्याचे कारण आणि मुदत लोकांना वाचायला मिळावी, एवढीच माझी अपेक्षा आहे. रोजंदारीवरच्या माणसाचे पैसेसुद्धा आता फोनवरच येतात.

वणी परिसर
हे मान्य आहे. मुदत जाहीर झालीच पाहिजे.

निवृत्त गुरुजी, भंडारा
२०१५ मध्ये ‘फ्री बेसिक्स’ची चर्चा सुरू होती, ते मला या निमित्ताने आठवले. निवडक संकेतस्थळे विनामूल्य देण्याची ती फेसबुकची योजना होती. फुकट मिळते आहे तर नकार का द्यायचा, असे आमच्या पारावर अनेकजण विचारत होते. मी त्यांना म्हणत असे की कोणती पाने फुकट उघडतील हे एक कंपनी ठरवणार असेल, तर आपल्या गावच्या पोराने केलेले पान त्या यादीत कधी येईल? ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, कोणता मजकूर पाहिला त्यानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि तीच माणसे हवे ते संकेतस्थळ उघडू लागली.

खारपाणपट्टा
गुरुजी, तुम्ही भंडाऱ्याचे म्हणजे धानपट्ट्यातले. यंदा रोवणी वेळेवर झाली का?

निवृत्त गुरुजी, भंडारा
थोडी उशिरा झाली, परंतु आता पाऊस समाधानकारक आहे.

आर्वीकर
धारणीच्या ताईंसाठी: ‘किविक्स’ नावाचे विनामूल्य अ‍ॅप आहे. त्याच्या साहाय्याने मराठी विकिपीडिया एका फाइलच्या रूपात उतरवून घेता येतो आणि नंतर इंटरनेटशिवाय वाचता येतो. विकिपीडियाच्या मजकुराचा परवाना मुक्त असल्याने ती फाइल मेमरी कार्डवर घेऊन कितीही जणांना देता येते, त्यात कोणताही कायदेभंग नाही. फोनमध्ये जागा कमी असल्यास चित्रांशिवाय असलेली फाइल निवडा. परतवाड्याला चांगल्या रेंजमध्ये एकदा उतरवून घेतलीत, तर पुढचे काम शाळेतच होईल.

धारणीची ताई
मनःपूर्वक आभार, दादा. शनिवारी परतवाड्याला जाणारच आहे, तेव्हा शाळेचे मेमरी कार्ड सोबत नेते. त्यात कोरकू भाषेतले काही मिळेल का, तेही पाहते.