स्विफ्ट घरीच लो करायची आहे: स्प्रिंग कापू की बदलू?

पोडियम_नेरूळ:
नमस्कार मंडळी. माझी २०१४ची स्विफ्ट डिझेल आहे, मूळ ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. टायर आणि मडगार्डच्या मधे चार बोटं आरामात जातात, ते काही मला बघवत नाही. शिवाय पामबीच रोडला वळणावर गाडी जास्तच कलते. ४० मिमी खाली घ्यायचा विचार आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, कटरने एक वेढा उडवू, तासाभराचं काम. पण मला हे स्वतःच्या हातांनी करायचंय, गाडी उघडून बघायची हौस आहे. पाने, जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आहेत. पार्किंग पोडियमवर, चढ चांगलाच उभा. स्प्रिंग कापू की तयार लोअरिंग स्प्रिंग आणू? आणखी काय काय लागेल?

घोडबंदर_रोड:
मी मानपाड्याला राहतो, रोज घोडबंदर रोड. माझं मत स्पष्ट आहे, करू नका. पावसाळ्यात गायमुखच्या बाजूला मूळ उंचीची गाडी नेतानाही जीव खालीवर होतो. दुसरं म्हणजे कायदा. गाडी मूळ नोंदीपेक्षा बदलली की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. २०१९च्या दुरुस्तीत नव्याने लिहिलेल्या कलम १८२-अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. विमा कंपनीला न कळवता केलंत तर क्लेमच्या वेळी अडचण वेगळीच. आधी तुमच्या आरटीओत विचारून या.

टूलरूम_कोपरखैरणे:
वरच्या दादांचं आरटीओचं म्हणणं खरं आहे, ते आधी करच. बाकीचं मी सांगतो. एमआयडीसीत टूलरूमला आहे, स्वतःची गाडी ३० मिमी लो आहे आणि ठाणे-बेलापूर रोडवर रोज चालते.

मित्रा, स्प्रिंग कापू नकोस. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते हे खरं. सहाचे पाच केलेस तर साधारण २० टक्के. पण समजा चाकाला वर यायला ७० मिमी जागा होती आणि त्यातले ४० तू खाऊन टाकलेस. उरले ३०. तोच खड्डा आता निम्म्याहून कमी अंतरात झेलायचाय, त्याला २० टक्के कुठे पुरणार? शॉकअप उठसूट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटी अडवणाऱ्या रबरावर, आदळणार. लोकांना वाटतं गाडी कडक झाली, मस्त बसली. ती बसलेली नसते, ती रबरावर चालत असते. तयार लोअरिंग स्प्रिंगची तार आणि वेढे हाच हिशेब धरून ठरवलेले असतात. आणि कोणी गॅसने तापवून बसवतो म्हणाला तर तिथून उठून ये. तापवलं की स्प्रिंगचं पाणी उतरतं, म्हणजे पोलादाचा कस जातो, मग ती रोज थोडी थोडी बसत जाते.

मागचा भाग नीट समजून घे. स्विफ्टला मागे स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी असते, बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा) आणि बॉडीच्या मधे नुसती दाबून बसलेली. नवी स्प्रिंग घातलीस की गाडी घोडीवर घे, मागची चाकं लोंबकळू दे आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघ. सैल फिरली तर ती या गाडीसाठी आखूड आहे, परत कर. नाहीतर एखाद्या मोठ्या खड्ड्यात चाक खाली गेलं की ती आपल्या बैठकीच्या वाटीतून सरकेल.

पुढचा शॉकअप उघडताना दांड्यावरचा मधला नट स्प्रिंग दाबल्याशिवाय सोडवायचा नाही. नाही म्हणजे नाही. ती स्प्रिंग माणूस मारू शकते. स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर चांगला आण, त्याचे दोन्ही हूक समोरासमोर लाव, एकेक करून सारखेच आवळ, इम्पॅक्ट गन (झटक्याने आवळणारं मशीन) लावू नकोस, आणि तोंड स्प्रिंगच्या रेषेत आणू नकोस. हे जमेलसं वाटत नसेल तर सुटा शॉकअप गॅरेजला नेऊन फक्त स्प्रिंग बदलून घे. बाकी सगळं काम तरीही तुझ्याच हातचं राहतं.

सगळं बसवून झालं की लोअर आर्मच्या (पुढचं चाक खालून धरणारा दांडा) आणि मागच्या बीमच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट सैल करून गाडी चाकांवर उभी असताना पुन्हा आवळ. हे भलेभले मेकॅनिकही सोडून देतात. चाक लोंबकळताना आवळलेला बुश गाडी खाली आली की कायम पीळ पडून राहतो आणि लवकर फाटतो.

वळणावर कलण्याबद्दल: गाडी २०१४ची आहे, आधी शॉकअपवर तेलाचे ओघळ आहेत का बघ. शॉकअप मेलेले असतील तर नुसत्या स्प्रिंगने काही होणार नाही, वर नव्या कडक स्प्रिंगला ते आवरणारच नाहीत. पैसे कमी असतील तर आधी शॉकअप.

आता ४० मिमीचं. हा आकडा फोटो बघून ठरवलेला दिसतोय. तो तुझ्या पोडियमचा चढ ठरवतो. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घे, २०, ३०, ४० मिमीचे तुकडे काप. चढ जिथे संपतो त्या काठावर, गाडीच्या पोटाच्या मधोमध येतील असे ठेव. गाडीत पाच माणसं बसव आणि हळू वर घे. जो तुकडा अख्खा राहील तेवढीच तुझी जागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून लो गाडी निवांत जाते. सोसायटीच्या गेटवरचे अरुंद गतिरोधक पोट घासतात, तेही असेच मोजून घे.

पोडियम_नेरूळ:
दादा, मनापासून आभार. आज घरच्यांना बसवून केलं. ४० चा तुकडा मोडला, ३० चा एका कडेला घासला, २० चा तसाच राहिला. म्हणजे २० ते २५ च्या स्प्रिंग शोधतो. मागच्या डाव्या शॉकअपला ओलसर दिसतंय. मडगार्डमधलं अंतर कुठून मोजू? आणि अलाइनमेंट लगेच करायची की थांबून?

टूलरूम_कोपरखैरणे:
२० च धर, २५ नको. पोट खड्ड्यात आणखी खाली दबतंच. शॉकअप एकटा डावा बदलू नकोस, मागची जोडी बदल.

मोजायचं चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत, चारही कोपऱ्यांत, काम करायच्या आधी आणि नंतर. जमिनीपासून मोजलंस तर टायरची हवा आकडा बिघडवते.

अलाइनमेंट दोनदा. पहिली लगेच, कारण उंची बदलली की टो, म्हणजे चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन, बदलतो आणि टायर कडेने खाल्ले जातात. दुसरी पंधरा दिवसांनी, नव्या स्प्रिंग दबून स्थिरावल्यावर. हेडलाइटचा झोतही तेव्हाच तपासून घे.