मदत हवी आहे: रोजचा रस्ता आणि ट्रॅक या दोन्हींसाठी एलएसडी निवडताना टॉर्सेन घ्यावा की क्लच प्लेटचा?

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९४ सालची, पहिल्या पिढीतली माझदा एमएक्स-५ आहे, इंजिन १.८ लिटरचे, गिअरबॉक्स पाच गिअरचा आणि अर्थातच मागच्या चाकांवर चालणारी. मी इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो. हीच गाडी मी कामावर जायला वापरतो आणि हीच मॅलरी पार्क या रेस ट्रॅकवरच्या ट्रॅक डेला (म्हणजे आपली गाडी ट्रॅकवर चालवण्याच्या दिवसाला) नेतो, त्यामुळे मला दोन्हीकडे चालेल असा एकच डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाटणारा भाग) निवडायचा आहे, आणि तोही एलएसडी, म्हणजे दोन चाकांच्या वेगातला फरक मर्यादित ठेवणारा.

सध्या गाडीत साधा ओपन डिफरन्शियल आहे. मॅलरीवर शॉज हेअरपिन नावाचे फार आवळ उजवे वळण आहे. तिथून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला, की मागचे उजवे चाक, ज्यावर त्या क्षणी फारसे वजन उरलेले नसते, जागच्या जागी फिरू लागते. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडी मात्र पुढे सरकत नाही. ओपन डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतो, त्यामुळे हलक्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच टॉर्क जमिनीवर घट्ट टेकलेल्या डाव्या चाकालाही मिळतो. एवढे कारण मला स्पष्ट आहे. प्रश्न उपायाचा आहे.

पहिला पर्याय टॉर्सेनचा. १.८ आवृत्तीच्या काही गाड्यांना कारखान्यातूनच टॉर्सेन मिळत असे, आधी टाइप १ आणि नंतर टाइप २, आणि जुन्या गाड्यांमधून काढलेले असे डिफरन्शियल इथे विकत मिळतात. (१.६ लिटरच्या गाड्यांमधला व्हिस्कस (घट्ट द्रवावर चालणारा) एलएसडी मी विचारात घेतलेला नाही, कारण त्याचा क्राउन व्हील (डिफरन्शियलचे मोठे गिअर) ६ इंची आहे आणि माझ्या गाडीचा ७ इंची.) टॉर्सेनमध्ये फक्त गिअर असतात, झिजणाऱ्या प्लेटा नसतात, साधे जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल चालते आणि पार्किंगमध्ये गाडी वळवताना कसलाही खडखडाट होत नाही. पण तो हलक्या चाकाच्या टॉर्कला ठरावीक पटीने गुणून दुसऱ्या चाकाला देतो. ही पट २ धरली आणि आतले चाक ५० न्यूटन मीटर पेलू शकत असले, तर बाहेरच्या चाकाला फार तर १०० मिळतील. आतले चाक पूर्ण उचलले गेले, तर शून्याची दुप्पट शून्यच राहते. शॉज हेअरपिनला माझे चाक पूर्ण उचलले जाते की नुसते हलके होते, यावर टॉर्सेनची उपयुक्तता अवलंबून आहे, असे मला वाटते.

दुसरा पर्याय क्लच प्लेटच्या एलएसडीचा, म्हणजे ओएस गिकेन, काझ किंवा कुस्को यांच्यापैकी एखादा. यात प्लेटा एकमेकींवर दाबून दोन्ही चाके एकत्र जखडतात आणि प्रीलोड, म्हणजे प्लेटांवर आधीपासूनच असलेला दाब, असल्यामुळे चाक हवेत गेले तरी दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळत राहतो. वन-वे प्रकार फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर आवळतो (म्हणजे चाके जखडतो), टू-वे ॲक्सिलरेटर सोडल्यावरही तितकाच आवळतो आणि दीड-वे सोडताना थोडा कमी आवळतो. एमएक्स-५ चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) जेमतेम २२६५ मिलिमीटर आहे आणि वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला की तिची शेपटी हलकी होते, त्यामुळे सोडताना थोडी आवळ असणे मला फायद्याचेच वाटते. मात्र ती जास्त झाली तर वळणात शिरतानाच गाडी सरळ जाऊ पाहते, आणि मॅलरीसारख्या लहान ट्रॅकवर ते फार त्रासाचे ठरेल. म्हणून क्लच प्लेटचा घेतलाच, तर दीड-वे घ्यावा असा माझा कल आहे.

पण माझी खरी काळजी ट्रॅकची नाही, पावसाची आहे. इथले रस्ते वर्षातले कितीतरी महिने ओलेच असतात आणि माझ्या वाटेवर एकामागून एक राउंडअबाउट लागतात. ओपन डिफरन्शियलमध्ये आतले चाक घसरले तरी बाहेरचे चाक घसरत नाही, त्यामुळे ते गाडीला आडवे जाण्यापासून धरून ठेवते. जास्त प्रीलोडच्या एलएसडीमध्ये दोन्ही चाके एकदम घसरू शकतात आणि मग मागचा भाग धरून ठेवायला काहीच उरत नाही. या गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल नाही. हिवाळ्यातल्या सकाळी, थंड टायरांवर, शेजारच्या लेनमध्ये दुसरी गाडी असताना हा स्वभाव किती जाणवतो, हे ज्यांनी क्लच प्लेटचा एलएसडी रोजच्या गाडीत वापरला आहे त्यांच्याकडून मला ऐकायचे आहे. डिफरन्शियल विकणाऱ्यांकडून याचे सरळ उत्तर मिळत नाही. ते ट्रॅकवरच्या वेळेबद्दलच बोलतात.

आणखी एक शक्यता मला गांभीर्याने तपासायची आहे. मागचा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचे झुकणे कमी करणारी दांडी) आतले चाक उचलायला हातभार लावतो. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने मूळपेक्षा जाड बार बसवला आहे. तो काढून मूळ बार लावला किंवा मागचा बार ट्रॅकपुरता सोडवला, तर आतल्या चाकावर वजन टिकेल आणि कदाचित टॉर्सेनच पुरेसा ठरेल. हे कोणी करून पाहिले आहे का? पुढचा भाग मग जास्त घसरू लागला का, आणि तो पुढचा बार किंवा अलाइनमेंट (चाकांचे कोन) बदलून आवरता आला का?

डिफरन्शियल वेल्ड करून दोन्ही चाके कायमची जखडण्याचा सल्ला कृपया देऊ नये. रोजच्या रस्त्यावर मला तो मान्य नाही. विमा कंपनीला बदल कळवावा लागतो, ते मी करणारच आहे.

उत्तर देताना आपली गाडी, टायर, एलएसडीचा प्रकार आणि माहीत असल्यास प्रीलोडचा आकडा लिहिलात तर तुलना करता येईल. क्लच प्लेटवाल्यांनी प्लेटा किती वापरानंतर बदलाव्या लागल्या आणि कोणते ऑइल घातल्यावर खडखडाट कमी झाला, हेही आवर्जून सांगावे. ओएस गिकेनमध्ये प्लेटांची संख्या जास्त आणि प्रीलोड कमी असल्यामुळे तो रस्त्यावर सौम्य वागतो असे म्हणतात. ओल्या रस्त्यावर हा अनुभव कोणाला आला असेल, तर त्यांच्या उत्तराची मी विशेष वाट पाहत आहे.