मदत हवी आहे : पाड्यापर्यंतचा २.६ किमी रस्ता, वनजमीन, निधी आणि अंदाजपत्रक

उंबरवाट :
सुरगाणा तालुक्यातल्या (जि. नाशिक, अनुसूचित क्षेत्र) एका पाड्याच्या रस्त्याबद्दल मार्गदर्शन हवं आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३१०. जवळचा पक्का रस्ता म्हणजे प्रजिमा (प्रमुख जिल्हा मार्ग), २.६ किमीवर. सध्या तीन मीटरची बैलगाडीवाट आहे. पहिले ७०० मीटर नऊ खातेदारांच्या शेतांतून, मधले १.२ किमी वनखात्याच्या जमिनीतून, बाकी सरकारी पड आणि गावठाण. वनजमिनीत ३०० मीटरची उभी चढण, उंची साधारण ३६ मीटर. दोन नाले आहेत. पावसाळ्यात रुग्णवाहिका प्रजिमावर थांबते, पुढे पेशंटला डोलीतून न्यावं लागतं.

आमदार निधीतून दरवर्षी तीन-चारशे मीटर खडीकरण करून घ्या, असं सुचवलं जातंय. ग्रामपंचायतीने शेतकऱ्यांची संमतीपत्रं गोळा करायला सुरुवात केली आहे. कोणत्या योजनेत बसेल? वनखात्याची परवानगी कशी घ्यायची? अंदाजपत्रकात आम्ही काय तपासायचं?

खडीमुरूम :
संमतीपत्रं गोळा करणं आजच थांबवा. आधी आखणी, मग संमती.

चढणीचं गणित करा. ३०० मीटरमध्ये ३६ मीटर म्हणजे १२ टक्के चढ. डोंगराळ भागात ग्रामीण रस्त्याला ५ टक्के चढ धरतात, कमाल ६, आणि अगदीच अडलं तर छोट्या टप्प्यात ७. सहा टक्क्यांनी ३६ मीटर चढायला ६०० मीटर लांबी लागते. म्हणजे रस्ता बैलगाडीवाटेवरून जाणारच नाही, वळणं घेत लांब होईल. चढण कुठून सुरू होते त्यावर खालच्या शेतांतली आखणीही सरकू शकते. नऊपैकी दोन गट सुटले आणि तिसराच गट आत आला, तर आजच्या सह्यांचा उपयोग नाही. शिवाय नव्या माणसाकडे जाल तेव्हा तो अडवून धरेल.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाकडून (किंवा ग्राम सडक योजनेच्या यंत्रणेकडून) लेव्हल (जमिनीच्या उंचीची मोजणी) घेऊन मध्यरेषा जमिनीवर खुंट्या मारून दाखवून घ्या. मग संमती. ती देणाऱ्या गटाच्या सातबाऱ्यावर जेवढी नावं आहेत तेवढ्या सगळ्यांच्या सह्या हव्यात, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्यासुद्धा. प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत जमिनीसाठी पैसा नसतो, त्यामुळे हे काम गावालाच करावं लागतं.

जंगलखुणा :
वनजमिनीचं. वन हक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. शाळा, दवाखाना, रस्ता अशा १३ प्रकारच्या सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. निर्णय उपवनसंरक्षक पातळीवर होतो. त्यांचं मत प्रतिकूल असलं तर प्रकरण जिल्हास्तरीय समितीकडे जातं.

आता वरच्या प्रतिसादातलं गणित पुढे न्या. वनजमिनीतली लांबी १.२ नाही, वळणांसह १.५ किमी झाली. सहा मीटर रुंदी धरली तर ०.९० हेक्टर, बसतं. पण डोंगर कापताना वरच्या अंगाचं गटार आणि कापाचा उतार मिळून रुंदी सात मीटर झाली की १.०५ हेक्टर. मग हा सोपा मार्ग बंद, आणि १९८० च्या वन संवर्धन कायद्याखालचा लांब प्रस्ताव करावा लागतो. म्हणून चढणीवर खालच्या अंगाला दगडी संरक्षक भिंत दाखवून रुंदी सहा मीटरमध्ये राखायला अभियंत्यांना सांगा. भिंतीचा खर्च वाढतो, पण परवानगीतली वर्षं वाचतात. ०.९० हेक्टरला झाडांची मर्यादा ६७ येते. मध्यरेषा ठरली की झाडं मोजून घ्या.

प्रस्ताव (नमुना अ) रस्ता करणाऱ्या सरकारी यंत्रणेने द्यायचा असतो, ग्रामपंचायतीने परस्पर नाही. ग्रामसभेला निम्मे सभासद हजर हवेत. नुसती 'सर्वानुमते मंजूर' अशी ओळ चालत नाही. ठरावात गट किंवा वनखात्याचा कक्ष क्रमांक, लांबी, रुंदी, क्षेत्र आणि झाडांची संख्या लिहा.

उंबरवाट :
खूप आभार. क्षेत्राचा हा मुद्दा आमच्या लक्षातच आला नसता. निधीचं कसं करावं?

तिसराटप्पा :
प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. २०११ च्या जनगणनेवर सपाट भागात ५००, आणि पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात २५० लोकवस्तीची अट आहे. ३१० म्हणजे पाडा पात्र ठरतो. केंद्राचा वाटा ६० टक्के, राज्याचा ४०. पाड्याचं नाव 'ग्राम सडक सर्वे' ॲपवरच्या यादीत आहे का, हे पहिल्यांदा विचारा. वस्ती कातकरींची असेल तर पीएम-जनमनमध्ये (विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठीची केंद्राची योजना) १०० लोकवस्तीही पुरते. दोन्हीकडे जमलं नाही तर आदिवासी विकास विभागाची भगवान बिरसा मुंडा जोडरस्ते योजना आणि जिल्हा नियोजन समितीचं ५०५४ हे लेखाशीर्ष (सरकारी खर्चाचं खातं). ३०५४ मागू नका, ते देखभाल-दुरुस्तीचं. रस्त्याला ग्रामीण मार्ग क्रमांक नसेल तर जिल्हा परिषदेत आधी त्याची नोंद करून घ्या, नाहीतर फाईल प्रत्येक टेबलावर अडते.

तुकड्यातुकड्यांच्या खडीकरणाला माझा स्पष्ट विरोध आहे. डांबराशिवाय उघडी राहिलेली खडी सुरगाण्याच्या पावसात दुसऱ्या वर्षी उखडते. तिसरा तुकडा होईपर्यंत पहिला गेलेला असतो, आणि चार कामांचे चार ठेकेदार असल्याने दोषाची जबाबदारी कुणावरच नाही. ग्राम सडक योजनेत ठेकेदारावर पाच वर्षांची दोषदुरुस्ती आणि देखभाल करारानेच असते. आणखी एक धोका : ही योजना वस्तीला एकच बारमाही जोडरस्ता देते. खडीकरणावरून कागदावर पाडा 'जोडलेला' अशी नोंद झाली तर पात्रताच जाईल.

खडीमुरूम :
अंदाजपत्रकाबद्दल. दिवसाला १०० पेक्षा कमी वाहनं असतील तर डांबरी रुंदी ३ मीटर पुरते. खडीचे (डब्ल्यूबीएम) दोन थर, दबाईनंतर प्रत्येकी ७५ मिमी. खालच्याला ६३–४५ मिमी खडी, वरच्याला ५३–२२.४. एका थराला दर १० चौ.मी. मागे ०.९१ ते १.०७ घनमीटर सुटी खडी लागते, म्हणजे ३ मीटर रुंदीला किलोमीटरमागे साधारण ९६ ते ११३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ढीग पडले की गावातली दोन पोरं टेप घेऊन मोजू शकतात. कमी भरलं तर थर पसरण्याआधी लेखी कळवा. नंतर खड्डा घेऊनच तपासावं लागतं.

सगळ्यात जास्त बिघडतं ते मुरुमाच्या घाईने. खडी पसरली की आधी कोरडी दबाई, कडेकडून मध्याकडे, पायाखाली खडी हलेनाशी होईपर्यंत. मग बारीक खडी (स्क्रीनिंग), पाणी, पुन्हा रोलर, आणि शेवटी थोडाच मुरूम, चिकटपणाचा निर्देशांक (पीआय) ६ च्या आतला. रोलरची वेळ वाचवायला आधीच मुरूम टाकला की खडीत खडी अडकत नाही. वरून रस्ता गुळगुळीत दिसतो आणि पहिल्या पावसात चाकोरी पडते.

पाण्याला विसरू नका. डांबराला ३.५ टक्के बाक, म्हणजे ३ मीटर रुंदीत मध्य कडेपेक्षा जवळपास ५ सेंमी उंच. साईडपट्टी त्याहून एक टक्का जास्त उतरती. ती उंच राहिली की पाणी डांबरावर तुंबतं. मोरीला १००० मिमी नळ मागा. ६०० चा नळ पालापाचोळ्याने बुजतो आणि आत हात घालून साफ करता येत नाही. गावठाणात, जिथे सांडपाणी रस्त्यावर येतं, तिथे डांबर टिकत नाही. तेवढ्या भागात काँक्रीट आणि गटार घ्या.

आडवाटे :
एक भर. नळपाणी योजनेची पाइपलाइन नंतर येणार असेल तर रस्ता होतानाच प्रत्येक ओलांडणीवर एक मोठ्या व्यासाचा रिकामा पाइप आडवा पुरून ठेवायला सांगा. नवा रस्ता फोडून पाइप टाकला की त्या पट्टीपासूनच खड्डे सुरू होतात.

आणि काम सुरू झाल्यावर माहितीफलकाचा फोटो घेऊन ठेवा. ग्राम सडक योजनेच्या फलकावर कोणत्या थरात किती माल, हे स्थानिक भाषेत लिहिणं बंधनकारक आहे. तक्रार करायची तर 'मेरी सडक' ॲपवर फोटोसह करा आणि तक्रार क्रमांक जपा.

उंबरवाट :
संमतीपत्रांचं काम थांबवायला ग्रामसेवकांना सांगितलं. लेव्हल घेण्यासाठी उपविभागाला या आठवड्यात अर्ज देतोय, सोबत सर्वे यादीतल्या नोंदीची लेखी विचारणा. मध्यरेषा ठरली की वनजमिनीचं नेमकं क्षेत्र आणि झाडांची मोजणी इथेच टाकतो. जंगलखुणा, ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा तेव्हा एकदा नजरेखालून घालाल का?

जंगलखुणा :
नक्की. सभेच्या नोटिशीच्या आधी टाका, नंतर नको. नोटिशीत विषय वनजमीन वळवण्याचा म्हणून स्पष्ट लिहिलेला हवा.