दाबाखालच्या लॅमिनेटला डॅमेज मॉडेल कशाला?

पत्रेवाला: फायबर मेटल लॅमिनेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे आणि मध्ये रेझिनमधल्या तंतूंचे थर. एअरबस ए३८० च्या फ्युजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) वरच्या भागातलं ग्लेअर यातलंच, काचतंतूंचं. हल्ली जो तो या लॅमिनेटच्या बकलिंगच्या, म्हणजे दाबाखाली एकदम वाकण्याच्या, संगणकी मॉडेलमध्ये डॅमेज कोंबतो: थर सुटणं दाखवणारे कोहेझिव्ह एलिमेंट आणि तंतू-रेझिन कधी तुटतील ते सांगणारे हाशिनचे निकष. माझ्या मते उगाच खटाटोप. पातळ पॅनेल बकल होतं तेव्हा सगळं इलॅस्टिकच असतं. आयगेनव्हॅल्यू (रेषीय हिशेबातला बकलिंगचा भार) काढा, नॉकडाउन फॅक्टर (प्रत्यक्षातल्या खोटींपायी तो भार कमी करणारा गुणक) लावा, मोकळे व्हा.

शंकासुर: बकल झालं म्हणजे मोडलं असं कोणी सांगितलं? चारही कडा धरलेलं पॅनेल बकल झाल्यावरही भार घेतच राहतं. ते कोसळणार कधी, हा खरा प्रश्न, आणि तो आकडा आयगेनव्हॅल्यूतून येत नाही. पॅनेल वाकलं की पत्रा यील्ड होतो (कायमचा वाकतो), थर सुटू लागतात. शिवाय लॅमिनेट साधारण १२० अंशांना क्युअर होतं, म्हणजे रेझिन तापून घट्ट होतं. थंड होताना अ‍ॅल्युमिनियम तंतूंपेक्षा जास्त आकसू पाहतं, म्हणून पत्र्यात आधीच ओढीचा ताण बसलेला असतो. दाबाखाली पत्रा उशिरा यील्ड होतो तो त्यामुळेच. हे तुमच्या हिशेबात कुठे आहे?

पत्रेवाला: तापमानाची एक स्टेप आधी टाकली की झालं, त्याला डॅमेज कशाला? आणि कोहेझिव्हचं बोलूच नका. मेश (मॉडेलच्या तुकड्यांची जाळी) जाड ठेवली की भार फुगतो, बारीक केली की रन संपत नाही. मग लोक इंटरफेसची स्ट्रेंग्थ हळूच कमी करतात आणि आलेख जुळला म्हणून पेपर लिहितात.

तिसरी घडी: मेशबद्दल सहमत. पण एक साधा हिशेब बघा. ०.३ मिमी जाडीचा वरचा पत्रा ३० मिमी व्यासाच्या गोलात खालून सुटलाय, कडेला घट्ट आहे, दाब सगळीकडून सारखा. तेवढा तुकडा साधारण ४० मेगापास्कललाच फुगतो. अख्ख्या लॅमिनेटच्या आयगेनव्हॅल्यूला याचा पत्ताच नसतो.

पत्रेवाला: मग सुटलेला भाग भूमितीतच दाखवा. तरीही आयगेनव्हॅल्यूच!

तिसरी घडी: दाखवून पाहिलाय. रेषीय विश्लेषणात कॉन्टॅक्ट नीट धरता येत नाही, पत्रा खालच्या थरात आरपार घुसलेला मोड (वाकण्याचा आकार) मिळतो. आणि फुगा कडेकडेने पसरणार की तिथेच थांबणार, ते विचारलं की कोहेझिव्ह नाहीतर व्हीसीसीटी (भेग पुढे सरकताना सुटणारी ऊर्जा काढण्याची पद्धत) आलंच.

शंकासुर: आणि हो, नॉकडाउन कुठला लावणार? नासाच्या एसपी-८००७ या डिझाइन-मार्गदर्शिकेतला सिलिंडरसाठी आहे. सिलिंडर बकल होताच ढेपाळतो, सपाट पॅनेल तसं वागत नाही.

पत्रेवाला: ठीक, कोसळण्याच्या भारासाठी तुमचं डॅमेज ठेवा. पण आकडा चाचणीच्या आधी जाहीर करा, नंतर नको.

तिसरी घडी: करू. चाचणीत कडा नेमक्या कशा पकडणार तेवढं आधी कळवा. अर्धा फरक तिथूनच येतो.