प्रतिसाद: राउटरच्या बारा बिटांचा स्वस्त संच घ्यावा का?

दादा, राउटरच्या (लाकडाच्या कडा घडवणाऱ्या, खाचा पाडणाऱ्या मशीनच्या) बारा बिटांचा, म्हणजे त्यात बसणाऱ्या पात्यांचा, स्वस्त संच घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, घेऊ नका. घरकामात सरळ बिट, गोलाईचं बिट आणि बेअरिंगवालं फ्लश ट्रिम (बाहेर आलेली कड खालच्या फळीला समतल कापणारं) एवढ्यावर बरंच निभतं. ती मात्र कार्बाइडच्या कडक धारेची घ्या. प्लायमधला गोंद एचएसएसची (हाय-स्पीड स्टीलची) धार लवकर खातो.

शँक (बिटाचा दांडा) नीट बघा. 6 मिमी आणि पाव इंच (6.35 मिमी) दिसायला सारखेच, पण पाव इंची कॉलेटमध्ये (बिट पकडणाऱ्या चिमट्यात) 6 मिमीचं बिट कितीही आवळलं तरी सरकतं. बिट तळाला टेकवून आवळू नका, 2-3 मिमी वर ओढा.

आपल्याकडे माळवद उतरवलं की जुनं सागवान निघतं. लाकूड सोन्यासारखं, पण आत मोडके खिळे आणि फटींत पांढरी माती! आधी चुंबक फिरवा, तारेच्या ब्रशनं घासा, मगच राउटर लावा. बाभळीत तर एका फेरीला 2-3 मिमीच खोल जा. कड काळी पडायला लागली तर हात रेंगाळतोय, नाहीतर बिट बोथट झालंय.

'राउटर कोणत्याही दिशेनं चालवा' असा सल्ला इथे आधी कुणीतरी दिलाय, तो पटला नाही. हातातलं राउटर बाहेरच्या कडेनं घड्याळाच्या उलट आणि चौकटीच्या आतून घड्याळाप्रमाणे न्यायचं, नाहीतर मशीन हातातून पळतं. फळीची आखूड टोकं आधी, लांब कडा नंतर. कोपऱ्यावर कपची उडाली तरी ती पुढच्या फेरीत निघून जाते.