प्रतिसाद: तिवरं विष शोषून घेतात का?
वर एकाने लिहिलंय की तिवरं (खाडीकाठची खारफुटीची झाडं) लावली की खाडीतले जड धातू शोषले जाऊन चिखल स्वच्छ होईल. तसं होत नाही हो. तिवराचं झाड बरेचसे धातू मुळाशीच अडवतं. मुळांतून झिरपणाऱ्या प्राणवायूने त्यांच्यावर लोखंडाच्या गंजासारखा तांबूस थर बसतो, धातू त्यात अडकतात. आत शिरलेले धातू गंधकयुक्त रेणूंशी बांधून पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पिशवीत, कोंडले जातात. थोडं जस्त-तांबं पानांवरच्या ग्रंथींतून मिठाबरोबर बाहेर पडतं. दाभोळ खाडीकाठी दुपारी पानावर बोट फिरवा, खरखरीत मीठ लागेल, ते ह्याच ग्रंथींचं. पण बाकीचं विष चिखलातच, गंधकाशी बांधलेलं. चिखल उपसून हवेवर टाकला की ते पुन्हा सुटतं. आणि त्याच चिखलात आमच्या बायका गुडघाभर उतरून तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढतात. सांडपाणी आधी पाइपाच्या तोंडाशीच रोखा, तिवरं मग लावू.