मित्राच्या पहिल्या स्मृतिदिनी काय करावे?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)

आमच्या ढोल पथकातील एक मित्र गेल्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. नव्या मुलांच्या बोटांना टिपरू धरून फोड आले की सराव थांबवून तो स्वतः त्यांच्या बोटांना चिकटपट्टी गुंडाळून देत असे. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीच्या पुरात नदीकाठचा दुतोंड्या मारुतीचा पुतळा बुडाला, तेव्हा पाणी ओसरल्यावर गोदाकाठच्या टपऱ्यांमधला चिखल उपसायला त्यानेच आम्हा सगळ्यांना फावडी घेऊन नेले होते.

पुढच्या महिन्यात त्याचे वर्षश्राद्ध आहे. पथकातील मुलांना चौकात मोठा फ्लेक्स लावायचा आहे आणि रक्तदान शिबिर घ्यायचे आहे, कारण त्याच्या आजारपणात प्लेटलेटसाठी (रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तपेशींसाठी) आम्ही अपरात्री दाते शोधत फिरलो होतो. काकू, म्हणजे त्याची आई, मात्र एवढेच म्हणाल्या, "चौकात त्याचा फोटो उन्हापावसात फाटलेला मला बघवणार नाही." आम्ही काय करावे?

प्रतिसाद १

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. शिबिर जरूर घ्या, पण ज्या अडचणीतून तुम्ही गेलात तिच्यावर एका दिवसाचे शिबिर हा उपाय नाही, हे आधी लक्षात घ्यावे. तांबड्या पेशी योग्य तापमानात पाच-सहा आठवडे टिकतात. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांवर सतत हलत्या ठेवूनही पाचच दिवस टिकतात. म्हणजे तुमच्या शिबिरातील प्लेटलेट त्या आठवड्यातील रुग्णाला मिळतील, पुढच्या महिन्यातील रुग्णाच्या घरचे पुन्हा तसेच फिरतील. कर्करोगाच्या औषधांनी रुग्णाच्या प्लेटलेट वारंवार खाली येतात, त्यामुळे बोलावले की येणारे दाते लागतात. यंत्रावर प्लेटलेट देण्यास साधारण तास-दीड तास लागतो, दात्याच्या तांबड्या पेशी त्याला परत मिळतात, आणि पुरुषांना संपूर्ण रक्तदानानंतर तीन महिने थांबावे लागते तसे येथे थांबावे लागत नाही. दात्याचे वजन ५० किलोच्या वर हवे, प्लेटलेटची संख्या दीड लाखांहून अधिक हवी आणि आधीचे तीन दिवस अॅस्पिरिन घेतलेले नसावे. पथकात अशी वीस मुले निघाली, तर रक्तगटानुसार त्यांची यादी करून जवळच्या रक्तपेढीत द्या आणि दर सहा महिन्यांनी फोन क्रमांक तपासत चला. जुन्या याद्यांमधील निम्मे क्रमांक लागतच नाहीत, याचा मला रोज त्रास होतो.

प्रतिसाद २

माझा धाकटा भाऊ जाऊन सहा वर्षे झाली. पहिल्या वर्षी मंडप होता, भाषणे होती, शंभर माणसे जेवली. दुसऱ्या वर्षी दारात कोणीच आले नाही, आणि आई संध्याकाळपर्यंत पुढचे दार उघडे ठेवून बसली होती. त्यानंतर केव्हातरी, कोणताही दिवस नसताना, त्याचा एक मित्र सहज आला आणि कॉलेज बुडवून दोघे त्र्यंबकला कसे गेले होते ते सांगू लागला. आईला ते ठाऊकच नव्हते. ती रागावली, मग हसली, आणि मग तिने त्याला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही. काकूंनी फ्लेक्सला नकार दिला आहे, तो कृपा करून मोडू नका. त्यांच्याकडे दोघे-दोघे जा, आणि त्याचे नाव घेऊन बोला. समोरची माणसे नाव टाळतात, ते फार लागते.

प्रतिसाद ३

फ्लेक्सचा आग्रह धरणाऱ्या मुलांनाही दोष देऊ नये. त्यांना त्याचा चेहरा पाहायचा आहे. सरावाच्या खोलीत, आतल्या भिंतीवर, एक छोटी तसबीर लावता येईल. काकूंना विचारून.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. फ्लेक्स रद्द केला आहे. यादीत आजपर्यंत चौदा नावे आली असून त्यांतील तिघे तेच आहेत, ज्यांच्या बोटांना तो पट्ट्या बांधत असे. तसबिरीला काकू हो म्हणाल्या. त्याचा ढोल अजून त्यांच्याच घरी आहे, त्याची दोरी सैल पडली आहे; तो सरावाला न्यावा की तेथेच ठेवावा, हे मी रविवारी त्यांना विचारणार आहे, आणि तेथेच राहू दे म्हणाल्या तर दोरी ताणून देऊन येईन.